पहिल्यांदा पोकर खेळणारा आणि पहिल्यांदा दुकान टाकणारा : पैसे नेमके कुठे अडकतात?

व्हिडिओत बोर्डवर जे आकडे घाईघाईत लिहिले, ते इथे सावकाश समजून घेऊ. तुम्हाला पोकरच्या नादी लावायचं नाहीये. पण कॅसिनोत पहिल्यांदा पोकरला बसलेला माणूस जिथे पैसे घालवतो, तिथेच नवा धंदेवालाही घालवतो.

आधी खेळ समजून घ्या

पणजीला मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात. आत जायला वय २१ पूर्ण लागतं. कॅसिनोत सर्रास खेळला जाणारा पोकरचा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी पाच पत्ते उघडतात : आधी तीन, मग एक, मग शेवटचा एक. या सातांतून पाच निवडून ज्याचा हात भारी, त्याचा पॉट. प्रत्येक टप्प्यावर तुम्ही रक्कम लावता, वाढवता किंवा फोल्ड करता. तीन पत्तीत आपण ज्याला ‘पॅक’ म्हणतो, तेच हे फोल्ड.

१. नुसतं बसायचंही भाडं लागतं

डीलरच्या बटणाच्या डावीकडच्या दोघांना पत्ते बघण्याआधीच पैसे लावावे लागतात. याला ब्लाइंड म्हणतात. समजा ब्लाइंड ५० आणि १०० आहेत आणि टेबलावर नऊ जण आहेत. नऊ डावांच्या एका फेरीत तुमचे १५० गेले. तासाला २७ डाव झाले तर ४५०, तेही एकही डाव न खेळता! वर कॅसिनो पॉटमधून स्वतःचं कमिशन कापतो, त्याला रेक म्हणतात.

दुकानाचं तसंच आहे. गिऱ्हाईक येवो न येवो, भाडं, लाइट बिल आणि पोराचा पगार चालूच. म्हणून पहिला प्रश्न ‘कमाई किती?’ हा नाही. ‘विक्री शून्य झाली तर मी किती महिने टिकेन?’ हा आहे.

२. आशेचा हिशेब करा

तुमच्या हातात दोन बदाम आहेत, टेबलावरच्या तीन पत्त्यांत अजून दोन बदाम आले. एक बदाम आला की फ्लश! न दिसलेले पत्ते ४७, त्यात बदाम उरले ९. म्हणजे पुढच्याच पत्त्याला बदाम यायची शक्यता सुमारे १९ टक्के.

पॉटमध्ये २,००० होते, समोरच्याने १,००० लावले. आता ३,००० जिंकण्यासाठी तुम्हाला १,००० घालायचे आहेत. हा सौदा परवडायला शक्यता निदान २५ टक्के हवी. तुमच्याकडे आहे १९. या एका पत्त्यापुरता हिशेब सांगतो : फोल्ड.

पण नवा माणूस म्हणतो, “आत्तापर्यंत ८०० घातलेत की!” अहो, ते ८०० आता तुमचे नाहीत, पॉटचे आहेत. ते वाचवायला अजून १,००० घालू नका. दिवाळीचा माल पडून राहिला आणि होलसेलर म्हणाला, “अजून शंभर पीस घ्या, रेट कमी लावतो,” तर मागचे अडकलेले पैसे बाजूला ठेवा. नवे शंभर पीस विकले जातील का, एवढंच बघा.

३. टेबलाचा सगळ्यात चांगला नियम

डाव सुरू असताना खिशातून नवे पैसे काढून लावता येत नाहीत. समोर जेवढ्या चिप्स, तेवढीच त्या डावातली जोखीम. समोर १०,००० असतील, तर त्या डावात १०,००० च्या वर एक रुपया जाणार नाही.

धंद्यात हा नियम तुमच्यावर कोणी लावत नाही. भांडवल संपलं की बायकोचे दागिने, मग वडिलांची एफडी, मग मित्राकडून उसने. माणूस बुडतो तो पहिल्या दोन लाखांत नाही, नंतर आणलेल्या पाचांत. म्हणून हा नियम स्वतःच लावा आणि शटर उघडायच्या आधीच लावा. एकदा डाव रंगला की कुणाचंच डोकं थाऱ्यावर नसतं.

एक फरक विसरू नका

पोकरमध्ये एकाने जिंकलेला रुपया दुसऱ्याने हरलेला असतो आणि रेकमुळे टेबलावरचा पैसा कमीच होत जातो. दुकानात गिऱ्हाईक वस्तू घेऊन खूश होऊन जातं आणि तुम्हालाही मार्जिन सुटतं. म्हणून भांडवल उभं करायला कॅसिनोत जाऊ नका. गेलातच, तर सिनेमाच्या तिकिटासारखे, परत न येणारे पैसे घेऊन जा.

या आठवड्याचा गृहपाठ

एका कागदावर तीन ओळी लिहा :
- धंद्यात जास्तीत जास्त किती रक्कम घालणार?
- विक्री शून्य असताना महिन्याचा खर्च किती?
- कोणत्या तारखेला, कोणता आकडा दिसला तर थांबणार?

खाली सही करा, घरच्या एका माणसाचीही सही घ्या आणि कागद गल्ल्यात ठेवा. तिसरी ओळ लिहिताना हात थांबेल. तीच ओळ आधी लिहा.