मेणवलीला एसटीनं

वाईपासून तीनेक किलोमीटरवर, कृष्णेच्या काठाला, मेणवलीत पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांचा वाडा आहे. पुण्याहून तिथे मी आजवर पाच वेळा गेले, पाचही वेळा एसटीनं. त्यातल्या तीन खेपांना आई बरोबर होती. आमच्या घरी गाडी नाही आणि भाड्यानं करावी असं कधी वाटलंही नाही. त्या येण्याजाण्यातून जे हाताला लागलं ते लिहून ठेवते आहे.

१. परतीची गाडी आधी विचारायची

पुण्याहून वाई गाठायची चिंता नसते. स्वारगेटहून वाईच्या, पाचगणीच्या, महाबळेश्वरच्या गाड्या सुटतात. अंतर नव्वदेक किलोमीटर, वेळ दोन-अडीच तास. घोडं अडतं ते वाईच्या पुढे. पहिल्या खेपेला आम्ही वाड्यात रमलो आणि बाहेर आलो तेव्हा सावलीला बसलेले एक आजोबा म्हणाले, "गाडी मगाशीच गेली की. आता एकदम संध्याकाळी." आई तेव्हा बहात्तरची होती. उन्हात तिला चालवायची माझी छाती झाली नाही. त्या आजोबांच्याच घरच्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, आणि वाईला निघालेल्या एका टेम्पोवाल्याला थांबवून आईला पुढे बसवून दिलं.

त्यांचे उपकार मी विसरले नाही, पण परक्या गावाच्या चांगुलपणावर आपला बेत आखायचा नसतो. आता वाई स्टँडवर उतरले की चहाच्याही आधी चौकशीच्या खिडकीशी जाते आणि दोन गोष्टी विचारते: मेणवलीहून शेवटची गाडी किती वाजता, आणि तिच्या आधीची किती वाजता. निघायचं ते आधीच्या गाडीनं. ती चुकली तर शेवटची हाताशी राहते.

२. पाटी वाचली तरी वाहकाला विचारूनच चढायचं

दुसऱ्या खेपेला गर्दी बघून घाईघाईनं साताऱ्याच्या गाडीत चढलो. साताऱ्याच्या नि कोल्हापूरच्या गाड्या हमरस्त्यानं सरळ जातात, वाईत शिरत नाहीत. खंबाटकीचा घाट ओलांडल्यावर वाहकानं आम्हाला सुरूर फाट्याला उतरवलं. चैत्रातलं ऊन होतं. फाट्यावर वडाप उभी होती. वडाप म्हणजे सातारा-सांगली-कोल्हापूरकडची माणसं भरून नेणारी जीप. ती वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते. आम्ही दोघी बसलो तेव्हा आत तिघं होती, आणि जीप हलली ती बारावा माणूस आल्यावर. त्यात पाऊण तास गेला. पण फाट्यावरून वाईकडे जाताना लागणारे जुने वड मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. वडापचा वेग तेवढाच असतो.

पाटीवर शेवटचं गाव लिहिलेलं असतं, आपलं गाव वाटेत लागेल की नाही ते वाहकालाच ठाऊक. "वाई स्टँडात जाणार का?" एवढाच प्रश्न. "वाईला जाणार का?" असं विचारलं तर फाट्यावर सोडणाराही "हो" म्हणेल, आणि त्याचंही बरोबरच असतं.

३. आधार कार्ड पिशवीच्या वरच्या कप्प्यात

पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. आधार कार्ड दाखवलं की तिचं शून्याचं तिकीट वाहक फाडून हातात देतो, ते ती जपून पाकिटात ठेवते. माझ्या अर्ध्या तिकिटाला सुटे पैसे मात्र लागतातच.

४. स्टँडवरची शाळेची मुलं वेळापत्रकापेक्षा पक्की

आतल्या गावांच्या गाड्या शाळा-कॉलेजच्या वेळा धरून धावतात. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत फेऱ्या बदलतात, आणि मागच्या वेळी टिपून ठेवलेली वेळ उपयोगी पडत नाही. वाईच्या फलाटावर दप्तरं घेऊन उभ्या असलेल्या मुलींना विचारावं. कुठली गाडी आज आली नाही, कुठली उशिरा येते, कुठली धोमच्या बाजूला जाते, त्यांना सगळं तोंडपाठ असतं. मेणवली धोमच्याच वाटेवर आहे, हेही मला अशाच एका मुलीनं सांगितलं.

५. पाय चालत असतील तर शेवटचं अंतर चालावं

एकटी असले की मी वाईहून चालतच जाते. तास पुरतो. सकाळी आठच्या आत निघावं. उसाचे, हळदीचे तुकडे लागतात, लांबवर पाचगणीचं पठार दिसत राहतं. गाडीतून वाडा अचानक समोर येतो. चालत गेलं की गाव आधी येतं, मग झाडं, मग वाड्याची भिंत. नानांनी ही जागा का निवडली असेल ते मला चालतानाच कळलं: पुण्याच्या कारभारापासून लांब, पण वाईसारखं विद्येचं आणि देवळांचं गाव हाकेच्या अंतरावर, आणि दाराशी कृष्णा.

६. वाडा कुणाचं तरी घर आहे

औंधचे पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून १७६८ मध्ये मेणवली नानांना मिळाली. त्यांनी इथे सहा चौकांचा वाडा, नदीला घाट आणि घाटावर मेणेश्वराचं नि विष्णूचं देऊळ बांधलं. नाना १८०० मध्ये गेले. दुसऱ्या बाजीरावानं त्यांची मालमत्ता जप्त केली, आणि वाडा पुढे त्यांच्या विधवा पत्नी जिऊबाईंकडे परत आला. आजही तो घराण्याकडेच आहे. त्यामुळे तो उघडा असेलच असं धरून जाऊ नये. वाईत चौकशी करावी, दारात हाक मारावी, आणि "आज नाही" असं उत्तर आलं तर निमूट घाटावर जावं. आम्हाला एकदा तसं परतावं लागलं. राग आला नाही. माझ्या घराच्या माजघरात कुणी न विचारता शिरलं तर मलाही चालणार नाही.

आत गेल्यावर घाई करू नये. भिंतींवरची जुनी चित्रं बघायला डोळे अंधाराला सरावावे लागतात. त्याला पाच-सात मिनिटं जातात, आणि बरीच माणसं त्याआधीच पुढच्या चौकात निघून जातात. नानांचे कागद याच वाड्यात होते. मेणवली दप्तर म्हणून ते इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत आहेत, आणि द. ब. पारसनिसांनी त्यावर काम केलं. पेशवाईच्या राजकारणाबद्दल आपण आज जे ठामपणे बोलतो त्यातलं कितीतरी इथल्या फडताळांतून बाहेर आलं.

आईनं मात्र खांब बघितले. तिचं बालपण वाड्यात गेलं, तो वाडा आता राहिलेला नाही. तिनं एका खांबाला तळहात लावला आणि खाली दगडी तळखड्यापर्यंत नेला. लाकूड जिथे दगडावर टेकतं तिथे बोट फिरवून म्हणाली, "इथे ओल धरते बघ. दर पावसाळ्याआधी आम्ही तेल द्यायचो." मी पाच वेळा जाऊन ती जागा बघितली नव्हती.

७. घाटावर अर्धा दिवस ठेवावा

'स्वदेस'मध्ये हा घाट आहे, त्यामुळे पुष्कळ माणसं फोटो काढायलाच येतात. येऊ देत. पण घंटा बघितल्याशिवाय जाऊ नये. मेणेश्वराजवळ छोट्याशा दगडी घंटाघरात पंचधातूची भली मोठी घंटा टांगली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेतून अशा घंटा मराठ्यांच्या मुलखात आल्या. भीमाशंकरलाही तशीच एक आहे. मोठं माणूस बघतं तसं लांबून न बघता मुलांसारखं जवळ जावं, मान वाकडी करावी. मेरीच्या कडेवरचं मूल दिसतं. शंकराच्या देवळाशी ती इतकी वर्षं निवांत आहे, आणि गावानं तिचं काही खोडलेलं नाही. मला याचं फार मोल वाटतं.

घाटाच्या पायऱ्या उंच आहेत. आई अर्ध्यावर थांबली, पाण्याकडे बघत बसली. मला तिथे नेहमी नानांची आई आठवते. पानिपताच्या मोहिमेत अठरा वर्षांचे नाना आईला आणि बायकोला बरोबर घेऊन गेले होते, तीर्थयात्रेच्या ओढीनं. १४ जानेवारी १७६१ नंतर नाना परत आले, आई आली नाही. पुढे ज्या माणसानं अख्खी दौलत सांभाळली त्याला त्या गर्दीत आईला सांभाळता आलं नाही. हे दुःख त्यांनी स्वतःच्या आत्मवृत्तात लिहून ठेवलं आहे. नंतर सातच वर्षांनी हे गाव त्यांना मिळालं. घाट बांधताना आई आठवली असेल का, हे कुठल्या दप्तरात सापडायचं नाही, पण मी आईचा हात धरून त्या पायऱ्या उतरते तेव्हा मला ते विचारावंसं वाटतं.

८. वाडा जपायचा तर गावची गाडीही जपली पाहिजे

हे मला अलीकडे तीव्रतेनं वाटू लागलं आहे. स्वतःची गाडी असलेला माणूस मेणवली, धोम, वाईचा ढोल्या गणपती असं तीन तासांत उरकून पाचगणीला स्ट्रॉबेरी खायला जातो. गाडी नसलेल्याला, म्हाताऱ्यांना, विद्यार्थ्यांना हा वाडा बघायचा हक्क तेवढाच आहे, आणि तो हक्क गावात दिवसाला किती फेऱ्या येतात यावर ठरतो. जुन्या वास्तूंसाठी निधी मागताना आपण चुना, लाकूड, कौलं मोजतो. तिथवर जाणारी दुपारची गाडी कुणी मोजत नाही. तीच गाडी गावातल्या मुलींना कॉलेजला नेते. म्हणून मी शक्य तेव्हा वडापऐवजी गाडीची वाट बघते. एक तिकीट फाटलं तरी त्या फेरीच्या हिशेबात ते पडतं.

९. परतताना डावी-उजवी बाजू बघायची नाही, मिळेल तिथे बसायचं

शेवटच्या खेपेला गाडी वेळेवर आली. आत वाईला क्लासला निघालेल्या मुली होत्या. एक चटकन उठली. "आजी, बसा हितं." आईनं तिला जवळ सरकवून घेतलं आणि दोन माणसांच्या बाकावर आम्ही तिघी बसलो, मी काठाला. आईनं शून्याचं तिकीट पाकिटात ठेवलं आणि वाहकाला विचारलं, "धोमचं नरसिंहाचं देऊळ राहिलंय आमचं. तिकडं सकाळची गाडी आहे का हो?"

"आहे की," तो म्हणाला आणि दोरी दोनदा ओढली. "लवकर या मात्र."