बोबड्या बोलांचे व्याकरण

घरात दोन-अडीच वर्षांचे मूल असले, की त्या घरात करमणुकीला तोटा नसतो. 'काका' म्हणायचे असता ते 'ताता' म्हणते, दारावरून जाणाऱ्या शेळीला 'भूभू' म्हणून हाक मारते, आणि 'उद्या आपण आजीकडे गेलो होतो' असे मोठ्या गांभीर्याने सांगते. ऐकणारे पोट धरून हसतात. मूल मात्र एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहते. आपले काय चुकले, हे त्याला उमगत नाही.

या चुका हसण्यावारी नेऊन लोक विसरून जातात. परंतु ज्या अभ्यासकांनी त्या कान देऊन ऐकल्या, टिपून ठेवल्या व एकमेकींशी ताडून पाहिल्या, त्यांना एक नवलाची गोष्ट आढळून आली. मुलाच्या बहुतेक चुका मनास येईल तशा होत नसतात. त्यांच्यामागे काही एक नियम असतो. तो नियम मुलाला कोणी शिकवलेला नसतो. आजूबाजूचे बोलणे ऐकून त्याने तो स्वतःच शोधून काढलेला असतो.

प्रथम उच्चारांचा विचार करू. सहा-सात महिन्यांचे मूल 'बाबाबा', 'मामामा' अशी अक्षरांची माळ ओवू लागते. प, ब, म हे ओष्ठ्य वर्ण होत. ओठ मिटून उघडले, की ते उमटतात. म्हणून ते लवकर साधतात. या वेळी बाळाच्या मनात कोणताही अर्थ नसतो. तो अर्थ घरची माणसे पुरवतात. त्यामुळेच मराठीत 'मामा' म्हणजे आईचा भाऊ, तर काळ्या समुद्राच्या पूर्वेला असलेल्या जॉर्जिया देशाच्या भाषेत 'मामा' म्हणजे वडील. ध्वनी एकच, परंतु प्रत्येक घराने त्याला आपापले नाते जोडले.

क आणि ग या कंठ्य वर्णांसाठी जिभेचा मागचा भाग वर उचलावा लागतो. ते कष्टाचे काम असल्यामुळे मूल तेथे त, द हे दंत्य वर्ण घालून वेळ निभावते. 'काका'चा 'ताता' होतो आणि 'गाय' ही 'दाय' होते. 'र'साठी जीभ थरथरली पाहिजे. ती थरथरत नाही, म्हणून 'राम' हा 'लाम' होतो. जोडाक्षर आले, की 'पुस्तक'चे 'पुत्तक' होते. याच्याशी मिळताजुळता प्रकार आपल्या भाषेच्या इतिहासातही घडलेला आहे. संस्कृतातील 'हस्त' प्राकृतात 'हत्थ' झाला व मराठीत 'हात' झाला. 'दुग्ध'चे 'दुद्ध' आणि पुढे 'दूध' झाले. 'सप्त'चे 'सत्त' आणि मग 'सात' झाले. दोहोंची कारणे सर्वस्वी एक नव्हेत. तरी जिभेला सोपी वाट आवडते, ही गोष्ट दोन्हीकडे दिसते.

उच्चार साधू लागले, की मुलापुढे दुसरे कोडे उभे राहते. कोणता शब्द कोठवर लावायचा? 'भूभू' म्हणून त्याला कुत्रा दाखवलेला असतो. पण 'भूभू' म्हणजे नेमके काय? चार पाय असलेला प्राणी, की केसाळ प्राणी, की केवळ शेजाऱ्यांच्या दारातला तोच एक प्राणी? हे कोणीच सांगितलेले नसते. मूल आपल्या परीने निष्कर्ष काढते: चार पाय म्हणजे भूभू. मग शेळी, गाय, वासरू ही सगळी भूभूच्या गोत्रात जाऊन बसतात. पुढे 'हम्मा' हा शब्द कानी पडला, की गाय त्यातून वेगळी निघते. अशा रीतीने एकेका नव्या शब्दाबरोबर जुन्या शब्दाचे कुंपण आवळत जाते.

इंग्लंडचे सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांनी आपल्या पहिल्या मुलाच्या बालपणीच्या हालचाली व बोल टिपून ठेवले होते. हा मुलगा १८३९ च्या डिसेंबरात जन्मला. ती टिपणे डार्विन यांनी १८७७ साली 'माइंड' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. बरोबर एक वर्षाचा असताना त्या बाळाने खाण्यासाठी 'मम' असा शब्द स्वतःच योजला. आपल्याकडे लहान मुलांना जेवू घालताना आया 'मंमं' म्हणतात, त्याची येथे सहज आठवण होते. पुढे साखरेला ते बाळ 'शु-मम' म्हणू लागले. 'काळा' या अर्थाचा 'ब्लॅक' हा शब्द त्याला आल्यावर ज्येष्ठमधाच्या काळ्या मिठाईला त्याने 'ब्लॅक-शु-मम', म्हणजे 'काळा साखर-खाऊ', असे नाव दिले. तीन शब्द जोडून त्याने हा सामासिक शब्दच तयार केला होता! समास म्हणजे काय, हे त्याला कोण सांगणार?

यापेक्षाही लक्षात घेण्याजोग्या आहेत त्या क्रियापदांच्या चुका. 'बस–बसला', 'पड–पडला', 'उठ–उठला', 'रड–रडला' ही रूपे मूल रोज ऐकते. होऊन गेलेली गोष्ट सांगताना शेवटी 'ला' लावायचा, हे त्याच्या ध्यानात येते. मग ते 'ये'चे 'येला' करते, 'जा'चे 'जाला' करते आणि 'दे'चे 'देला' करते. पुढे 'आला', 'गेला', 'दिला' ही रूपे त्याच्या मुखी स्थिर होतात. पण 'काका येला' असे घरात कोणीही बोलत नसते. मूल जर केवळ पोपटासारखे ऐकलेले बोलत असते, तर ही चूक त्याच्या तोंडून कधीच निघाली नसती. म्हणून 'येला' ही चूक असली, तरी ती मुलाला नियम समजल्याची खूण आहे. व्याकरण पाळले ते मुलाने. अपवाद केला तो भाषेने.

अमेरिकेतील जीन बर्को या विदुषीने ही गोष्ट एका साध्या प्रयोगाने दाखवून दिली. तो प्रयोग १९५८ साली प्रसिद्ध झाला. चार ते सात वर्षांच्या मुलांना त्यांनी पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले व 'हा वग' असे सांगितले. 'वग' हा शब्द इंग्रजीत नव्हताच. तो या प्रयोगापुरता तयार केलेला होता. मग दोन प्राण्यांचे चित्र दाखवून, 'आता हे दोन आहेत. हे दोन कोण?' अशा अर्थाचे वाक्य अर्धवट सोडले. बहुतेक मुलांनी इंग्रजीच्या नियमाप्रमाणे 'वग्ज' असे अनेकवचन करून ते पुरे केले. जो शब्द पूर्वी कधी ऐकलाच नव्हता, त्याचे अनेकवचन पाठ केलेले असणे शक्य नव्हते. अर्थात मुलांच्या मनात नियम होता.

काही गोंधळ मात्र मुलाच्या नव्हे, तर शब्दांच्याच स्वभावामुळे होतात. सगळी माणसे मुलाला 'तू' म्हणतात. म्हणून 'तू' हे आपलेच नाव, असे त्याला वाटते. तहान लागली, की ते 'तुला पाणी पाहिजे' म्हणते. 'मी' आणि 'तू' हे शब्द बोलणारा बदलला की धनी बदलतात, ही गोष्ट कळायला वेळ लागतो. दिवसभर आईच्या मागे फिरणारा मुलगा तिच्याप्रमाणेच 'मी येते, मी जाते' म्हणतो. आई वडिलांना 'अहो' म्हणते; तेव्हा मूलही त्यांना 'अहो' अशी हाक मारते. मोठ्या एकत्र कुटुंबांत चुलत भावंडांचे ऐकून कित्येक मुले आपल्या आईला 'काकू' म्हणू लागली, दिरांचे ऐकून 'वहिनी' म्हणू लागली, आणि ती हाक जन्मभर तशीच राहिली. काल आणि उद्या यांचेही असेच आहे. काल हाती धरता येत नाही आणि उद्या बोटाने दाखवता येत नाही. शिवाय 'परवा' हा आपला शब्द तर मागच्या दिवसालाही चालतो आणि पुढच्या दिवसालाही! तेव्हा मुलाने घोटाळा केल्यास त्याला दोष कसा द्यावा?

घरात एक व दारात दुसरी भाषा असली, म्हणजे मूल दोन्ही भाषांचे शब्द एका वाक्यात आणते. बेळगावातील मराठी मुलाच्या कानी कन्नड पडते, बडोद्यात गुजराती, तर इंदुरात हिंदी. दोन भाषांमुळे मुलाची बुद्धी गोंधळते, अशी समजूत पूर्वी पुष्कळांची होती. आजचे अभ्यासक ती मानत नाहीत. एका भाषेतला शब्द वेळेवर आठवला नाही, की मूल दुसरीतला घेते. पुढे कोणाशी कोणती भाषा बोलायची, हेही ते ओळखू लागते.

आता एक महत्त्वाची गोष्ट सांगावयाची, ती वडील भावंडांनी विशेष ध्यानी धरावी. मूल 'ताता' म्हणते, म्हणून त्याला 'काका' ऐकू येत नाही, असे समजू नये. 'फिश' या इंग्रजी शब्दाचा अर्थ मासा. एक इंग्रजीभाषी बालक आपल्या खेळातल्या माशाला 'फिस' म्हणत असे. मोठ्या माणसाने त्याच्याचसारखे 'फिस' म्हटले, की ते नाकारी. 'फिश' म्हटले, की आनंदाने मान्य करी. ही हकिकत जीन बर्को व रॉजर ब्राउन यांनी १९६० साली नमूद केली आहे. त्या बालकाला दोन उच्चारांतला भेद कळत होता. फक्त जीभ अजून साथ देत नव्हती.

आपल्या घरांतही असे प्रसंग घडतात. पाहुणे येतात. मोठी भावंडे धाकटीला पुढे करतात व 'म्हण पाहू, काका!' असा आग्रह धरतात. ती 'ताता' म्हणते, सगळे हसतात. पुन्हा म्हणायला लावतात, पुन्हा हसतात. कोणी वेडावून 'ताता, ताता' म्हणतो. तिला तर आपल्या जिभेने दगा दिल्याचे ऐकू आलेलेच असते. तिसऱ्या खेपेला ती ओठ घट्ट मिटून आईच्या पदराआड जाते. ज्या तोंडाने बोलायला शिकायचे, ते तोंडच अशाने बंद होते. ज्ञानेश्वरांनी इ. स. १२९० मध्ये सिद्ध केलेल्या 'ज्ञानेश्वरी'च्या पहिल्या अध्यायात म्हटले आहे, की अपत्य बोबडे बोलले तरी मायबापांना त्याचा अधिकच संतोष होतो. संतोषाचे हसणे मुलाला धीर देते. वेडावण्याचे हसणे त्याचा धीर खचवते. दोहोंतला फरक मुलाला चांगला कळतो.

मग चूक सुधारायची कशी? रागावून नव्हे, आणि दहा वेळा घोकून घेऊनही नव्हे. धाकटी म्हणाली, 'ताता येला', तर मोठ्याने सहज म्हणावे, 'हो, काका आले. काकांनी काय आणले?' तिच्या बोलण्याला उत्तर मिळाले आणि शुद्ध रूपही कानी पडले. ज्या घरात मुलाशी पुष्कळ बोलतात, त्याच्या प्रश्नांना उत्तरे देतात व त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबतात, त्या घरात त्याची भाषा चांगली फुलते.

येथे एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगली पाहिजे. चुकत बोलणाऱ्या मुलाची चिंता सहसा नसते. न बोलणाऱ्या मुलाकडे लक्ष द्यावे लागते. वर्षाचे मूल हाकेला वळून पाहत नसेल, किंवा दोन वर्षे पुरी होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर 'याचा बापही उशिराच बोलला होता' असे म्हणून स्वस्थ बसू नये. जे कानी पडत नाही, ते जिभेवर कसे येणार? कानांची तपासणी अगदी नवजात बालकाचीही करता येते. वाणी व श्रवण यांच्या दोषांसाठी काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ साली मुंबईत स्थापन झाली. अशा ठिकाणी किंवा जवळच्या रुग्णालयात मुलाला लवकर दाखवले, तर उपाय करता येतात. एखादे वेळी आईवडिलांच्या आधी घरातल्या शाळकरी भावंडाच्याच हे ध्यानात येते. कारण बाळाशी सर्वांत अधिक खेळते ते तेच. त्याने ही गोष्ट मोठ्यांच्या कानावर घालावी.

पाच वर्षांचे होईतो मूल आपल्या भाषेतील बहुतेक रूपे बिनचूक वापरू लागते. विभक्ती, लिंग, वचन, काळ हे शब्द त्याला ठाऊक नसतात. पण ते सर्व त्याच्या बोलण्यात असतात. शाळेतील व्याकरणाचा तास पुष्कळांना अवघड वाटतो. त्या तासाला जे नियम फळ्यावर लिहिले जातात, त्यांतले पुष्कळसे वर्गातल्या प्रत्येकाने फार पूर्वी, चुकतमाकत, स्वतःच शोधून काढलेले असतात.

शब्दार्थ

ओष्ठ्य – ओठांच्या साहाय्याने उच्चारले जाणारे. कंठ्य – कंठातून उच्चारले जाणारे. दंत्य – जीभ दातांना लागून उच्चारले जाणारे. नियतकालिक – ठराविक काळाने प्रसिद्ध होणारे पत्र. विदुषी – विद्वान स्त्री. वेडावणे – दुसऱ्याची नक्कल करून चिडवणे.

स्वाध्याय

१. लहान मूल 'काका'ला 'ताता' का म्हणते?

२. 'काका येला' ही चूक म्हणजे नियम समजल्याची खूण आहे, असे पाठात का म्हटले आहे?

३. कारणे लिहा : (अ) मूल तहान लागल्यावर 'तुला पाणी पाहिजे' म्हणते. (आ) लहान मुलांचा 'काल' व 'उद्या' यांत घोटाळा होतो.

४. संतोषाचे हसणे व वेडावण्याचे हसणे यांतील फरक पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.

५. 'ये, जा, दे, घे, कर' या धातूंची भूतकाळी रूपे लिहा. ती 'बस, पड, उठ' यांच्या रूपांहून कशी निराळी आहेत?

६. उपक्रम : एका काल्पनिक प्राण्याचे चित्र काढा व त्याला 'गिबळा' असे नाव द्या. चार-पाच वर्षांच्या मुलाला ते दाखवा. मग तसे दोन प्राणी दाखवून 'हे दोन कोण?' असे विचारा. मिळालेले उत्तर जसेच्या तसे वहीत लिहा. उत्तर काहीही आले, तरी हसू नका.