उतरलेले पाणी

तुमच्या घरात एखादा जुना अडकित्ता आहे का? नसेल तर दुमडता येणारा एखादा जुना चाकू तरी असेल. तो हातात घ्या (मोठ्या माणसांना विचारून घ्या!) आणि हळूच उघडून पाहा. पाते अर्ध्यावर आले की जड लागते, आणि मग एकदम ‘कट्’ आवाज करून ते आपल्या जागी बसते. हा आवाज कोठून येतो बरे?

मुठीच्या पाठीकडे पोलादाची एक लांबट पट्टी असते. ती या चाकूची स्प्रिंग. पात्याच्या बुडाला, म्हणजे खिळीभोवती फिरणाऱ्या भागाला, दोन-तीन ठिकाणी सपाट घासलेले असते. पाते फिरू लागले की बुडाचा कोपरा स्प्रिंगला वर उचलतो. कोपरा सरकून सपाट बाजू समोर आली की स्प्रिंग खाली आपटते. तोच तो ‘कट्’. काही जुन्या इटालियन चाकूंत स्प्रिंगला एक चौकोनी खिडकी असते आणि पात्याचा दात तिच्यात अडकतो. असा चाकू मिटायचा असेल तर स्प्रिंगला लावलेली कडी वर ओढावी लागते.

इटालियन चाकू मध्येच कोठून आला, असे तुम्ही म्हणाल. तो आमच्या घरी होता. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४५ या काळात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत लढत होत्या. नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये आणि शिपाई नामदेव जाधव यांना १९४५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तेथील लढायांबद्दलच. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. माझे आजोबा त्या सैन्यात साधे शिपाई होते. कागलजवळच्या आमच्या गावी परतताना त्यांनी दोन वस्तू आणल्या : एक घोंगडीसारखे जाड ब्लँकेट आणि हा शिंगाच्या मुठीचा चाकू. ब्लँकेट केव्हाच फाटले.

नववीत असताना मी या चाकूचे जे केले ते सांगायला मला आजही संकोच वाटतो. पण त्यातच आजचा धडा आहे, म्हणून सांगतो. पात्याचे टोक बोथट झाले होते. एका वर्कशॉपात विजेवर फिरणारी सहाण होती. कोणी पाहत नाही असे बघून मी टोक तिच्यावर धरले. ठिणग्यांचा काय सुंदर फवारा उडाला! मिनिटभरात टोक सुईसारखे झाले, आणि त्यावर मोरपिसासारखा निळा रंग चढला. तो रंग मला इतका आवडला की मी धावत जाऊन आजोबांना दाखवला. त्यांनी टोकावरून अंगठा फिरवला आणि एवढेच म्हणाले, “पाणी उतरलं की रं याचं.” मग चाकू मिटून ट्रंकेत ठेवला. पुन्हा तो त्यांच्या हातात मी पाहिला नाही.

‘पाणी उतरले’ म्हणजे काय झाले? पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन. चाकूच्या पोलादात तो साधारण अर्धा ते एक टक्का असतो. (कोल्हापूरच्या फौंड्रीत ओततात त्या बिडात तो तीन टक्क्यांच्या वर जातो, म्हणून बीड ठिसूळ असते आणि त्याचा चाकू होत नाही.) हे पोलाद लालभडक, म्हणजे सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले, तर कार्बनच्या अणूंना बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ते लोखंडाच्या स्फटिकांत कोंडले जातात आणि पोलाद अतिशय कठीण होते. लोहार याला ‘पाणी देणे’ म्हणतात. परंतु असे पोलाद काचेसारखे तडकते. म्हणून ते पुन्हा थोडे तापवून त्याचा कठीणपणा जरासा कमी करतात.

हे ‘जरासे’ किती, ते पूर्वीचे कारागीर रंगावरून ओळखत. घासून चकचकीत केलेले पोलाद तापवले की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो : सुमारे २२० ते २३० अंशांना फिकट गवती, २५० ते २६० च्या आसपास तपकिरी, पुढे जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा. पात्याला गवती ते तपकिरी रंगावर थांबवतात, म्हणजे धार टिकते. स्प्रिंगला मात्र निळ्यापर्यंत नेतात, म्हणजे ती न मोडता वाकते व परत येते. एकाच चाकूत दोन प्रकारचे पाणी असते ते असे. मी टोकाला स्प्रिंगचा रंग दिला होता! टोक पातळ असल्यामुळे उष्णतेला पसरायला जागा नव्हती आणि ती तेथेच साठली. आता तुम्हाला कळले असेल, फिरत्या सहाणेवर धार लावताना पाणी का टाकतात ते.

आजोबा गेल्यावर चाकू ट्रंकेत तसाच राहिला. अनेक पावसाळे गेले. मी तो पुन्हा बाहेर काढला तेव्हा पाते मुठीत पक्के अडकले होते. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटचे काम करतात. दिवसभर गाड्यांच्या आणि इंजिनांच्या भागांना पाणी देणारा हा माणूस! त्यांनी चाकू उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मी विचारले, “खीळ ड्रिल करून काढू या का?” ते म्हणाले, “घाई कशाला? आधी तेल पाजा.”

गंजाची एक खोड तुम्ही लक्षात ठेवा. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज होतो, हे तुम्ही शिकला आहातच. पण हा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. उघड्या पात्यावर तो नुसता फुगतो. सांध्यात मात्र फुगायला जागा नसते, म्हणून तो पाचर ठोकल्यासारखा सांधा आवळतो. त्यातच खिळीजवळ पितळेची पट्टी असली तर आणखी वाईट. पितळ, लोखंड आणि ओल मिळून एक लहानसा विद्युत घटच तयार होतो आणि त्यात झिजते ते लोखंड. हाताच्या घामातले मीठ या कामाला मदतच करते.

आम्ही शिलाई मशीनचे तेल रोज एक-एक थेंब सांध्यात सोडत गेलो. केसाएवढ्या फटीतही तेल आपोआप चढते. दिव्याची वात तेल ओढते तेच हे केशाकर्षण. पक्कड लावायची नाही, असा त्यांचा दंडक होता. तिसऱ्या आठवड्यात पाते किंचित हलले. मागे-पुढे, मागे-पुढे करताना सांध्यातून तांबडा चिखल बाहेर येई. तो कापडाने पुसायचा आणि पुन्हा एक थेंब. असे करता करता एका संध्याकाळी ते उघडले.

पाते तांबडे झाले होते. भाचा म्हणाला, लिंबाच्या रसात बुडवू या. आम्लाने गंज विरघळतो हे खरे. पण गंज संपला की आम्ल थांबत नाही, ते पोलादही खाऊ लागते. आणि मूठ शिंगाची. शिंग म्हणजे आपल्या नखांसारखेच केराटिन. ते पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तडकते. म्हणून आम्ही तांब्याच्या पट्टीची कड आणि तेल वापरले. तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने ते गंज खरवडते, पण पोलादावर ओरखडा उमटत नाही. तांबडा गंज गेल्यावर खाली काळसर डाग राहिले. ते आम्ही मुद्दाम ठेवले. हा काळा ऑक्साइड तांबड्या गंजासारखा सच्छिद्र नसतो आणि आतल्या पोलादाला थोडेफार जपतो.

या काळ्या डागांतूनच बुडाशी ठोकलेली अक्षरे वर आली : मानियागो. लिंबाचा रस वापरला असता तर ती उथळ अक्षरे बहुधा राहिली नसती. मानियागो हे इटलीच्या ईशान्येकडील फ्रिउली प्रांतातले गाव. १४५३ मध्ये तेथे कोल्व्हेरा ओढ्याचे पाणी कालव्याने वळवले गेले आणि त्या पाण्याच्या जोरावर लोहारांचे हातोडे चालू लागले. आजही ते गाव चाकूंसाठीच ओळखले जाते. आजोबांनी या गावाचे नाव घरात कधी घेतले नव्हते.

तुम्हाला अशा वस्तू जमवायच्या असतील तर पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय अवश्य पाहा. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, दौती, खुंट्या यांच्याबरोबर अडकित्तेही जमवले. दोन पात्यांना एका खिळीने जोडण्याच्या साध्या कल्पनेवर कारागिरांनी किती नक्षी चढवली आहे ते तेथे दिसते. घरच्या अडकित्त्यालाही वरचीच पद्धत लागू पडते. मात्र चाकू खिशात घालून हिंडू नका, शाळेत तर मुळीच नेऊ नका.

एक धोक्याची सूचना. मूठ शिंगाची की नकली हे पाहण्यासाठी काही जण तापलेली सुई टोचतात आणि केस जळल्याचा वास येतो का ते बघतात. हा प्रयोग करू नका. काही जुन्या मुठी सेल्युलॉइडच्या असतात आणि सेल्युलॉइड भडकन पेट घेते. शिवाय ते जुने झाले की त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड वायू सुटतात, ओलीत त्यांचे आम्ल बनते आणि शेजारच्या चांगल्या चाकूंची पातीही गंजतात. अशी मूठ तडकलेली, चिकट दिसली तर तो चाकू वेगळा, हवेशीर जागी ठेवा. चामड्याच्या म्यानातही पाते कायमचे ठेवू नये. चामडे ओल धरते.

टोकाचे काय झाले, हे राहिलेच. त्या गृहस्थांनी लहानशी कानस बुडाजवळ हलकेच फिरवली. ती काचेवरून जावी तशी घसरली. टोकाजवळ मात्र कानसेने पोलाद धरले. ते म्हणाले, “पाणी पुन्हा देता येईल. पण सगळं पातं लाल करावं लागेल, म्हणजे खीळ काढावी लागेल, मूठ उतरवावी लागेल. नाहीतर मऊ तेवढं घासून टाका.” घासले असते तर पाते बोटाच्या एका पेराने आखूड झाले असते. मी बराच विचार केला आणि दोन्ही केले नाही.

चाकू आता माझ्या टेबलावर असतो. त्याचा ‘कट्’ चांगला स्पष्ट आहे. पेरू कापताना मी पात्याचा मागचा भाग वापरतो. टोकाचा तुकडा निसण्यावर लावला की दोन दिवस चालतो आणि पुन्हा बोथट होतो.