लिव्हर ‘पी’मध्ये का अडकतो?

प्रश्न : आमची ऑटोमॅटिक गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतारावर उभी असते. सकाळी लिव्हर ‘पी’मधून निघतच नाही. जोर लावला की ‘खाड्’ असा आवाज होऊन सुटतो. गिअरबॉक्स बिघडला असेल का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : घाबरू नका, हा बहुधा उताराचा परिणाम आहे. ‘पी’मध्ये गिअरबॉक्समधली एक लहानशी पोलादी खिट्टी खाचांच्या चाकात अडकते. हँडब्रेक न लावता ब्रेकवरचा पाय काढला, की गाडी थोडी घसरते आणि तिचा सगळा भार त्या खिट्टीवर येतो. सकाळी तुम्ही ती भाराखालूनच ओढून काढता, म्हणून आवाज होतो.

उपाय क्रमाचा आहे. गाडी थांबवून ब्रेक दाबूनच ठेवा, लिव्हर ‘एन’मध्ये घ्या आणि हँडब्रेक ओढा. मग ब्रेक हळूच सैल करून भार हँडब्रेकवर येऊ द्या. पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’ लावा. सासवडला जाताना दिवे घाटात थांबलात तरी हाच क्रम ठेवा.

सपाट जागेवरही लिव्हर हलत नसेल, तर कारण वेगळं. ब्रेक दाबल्याशिवाय ‘पी’ सुटू नये म्हणून लिव्हरला विजेवर चालणारं कुलूप असतं. १९८०च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० गाड्या आपोआप धावत सुटतात, अशा तक्रारी आल्यावर कंपनीने ते बसवलं. १९८९च्या सरकारी तपासात मात्र बहुतेक वेळा ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडल्याचं दिसलं.

कुलपाला ब्रेक दाबल्याचं कळतंय का, हे पाहायला आता कुणाला तरी गाडीच्या मागे उभं करून ब्रेक दाबा. ब्रेकलाइट लागत नसतील, तर ब्रेकचा स्विच किंवा फ्यूज गेलेला असू शकतो. लाइट लागतात, पण लिव्हरपाशी ‘टक्’ ऐकू येत नाही, तर कुलपाचा सोलेनॉइड किंवा त्याची वायर तपासून घ्या. लिव्हरभोवती चहा-सरबत सांडलं असेल, तर तेही मेकॅनिकला सांगा.

अडलीच वेळ, तर बऱ्याच गाड्यांत लिव्हरजवळ छोट्या झाकणाखाली कुलूप सोडवायची सोय असते. आधी हँडब्रेक लावा, ब्रेक दाबून ठेवा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलं आहे तसंच करा. पण ब्रेकलाइट बंद असतील, तर गाडी रस्त्यावर काढू नका. सोलापूर रस्त्याच्या गर्दीत मागच्याला तुमचा ब्रेक कळणारच नाही.

लिव्हरवर जोर मात्र कधीच लावू नका. आज रात्रीपासून आधी हँडब्रेक, मग ‘पी’, एवढं पाळा.