हिशेबाचे शोध-साधन आणि त्याचे वर्णनपत्र

१० किलो वजनाच्या मुलास तापासाठी १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यावयाचे, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असणाऱ्या थेंबांतून ते दीड मिलिलिटर होते. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असणाऱ्या पातळ औषधातून सव्वासहा, आणि २५० मिलिग्रॅमच्या औषधातून तीन. म्हणूनच चिठ्ठीत नुसते ‘अर्धा चमचा’ लिहिणे धोक्याचे. घरी गेलेली आई मध्यरात्री आपल्याला विचारावयास येऊ शकत नाही. गेल्या वर्षी रुग्णालयाच्या हिशेबासंबंधी एक टिपण लिहिताना हा जुनाच धडा मला नव्याने गिरवावा लागला.

बडोद्यातील आमच्या लहानशा रुग्णालयाचे हिशेब टॅलीमध्ये ठेवले जातात. कोणाकडून किती येणे आहे, लसींच्या पुरवठादारास किती देणे आहे, हे साध्या भाषेत विचारता यावे म्हणून माझ्या संगणक अभियंता भाच्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा एक एजंट जोडून दिला. हा एजंट स्वतः खातेवही उघडत नाही. त्याच्या हाताशी एक शोध-साधन असते. ते प्रश्न घेऊन जाते, खाते शोधते व आकडा आणून देते. हे साधन केव्हा व कसे वापरावे, हे एजंट तीन गोष्टींवरून ठरवतो : साधनाचे नाव, त्यास पुरवावयाच्या माहितीचा आराखडा आणि सोबतचे लेखी वर्णन. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही हीच रीत आहे. भाचा म्हणाला, “मामा, जोडणी मी केली, वर्णन मात्र तुम्हीच लिहा. तुमच्या वह्यांतल्या खाचाखोचा मला कशा कळणार?”

मी एकच ओळ लिहिली : ‘रुग्णाच्या नावावरून खात्यातील बाकी सांगते.’ आणि समाधानाने पुढच्या कामास लागलो.

काही दिवसांनी एक रिक्षाचालक गृहस्थ आले. त्यांचे बाळ ३२ आठवड्यांचे जन्मलेले, आमच्याकडेच वाढीस लागलेले. भरतीच्या वेळी त्यांनी आगाऊ रक्कम भरली होती. बाळाचे नाव तेव्हा ठरलेले नसल्याने, आपल्या प्रथेप्रमाणे, खाते ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव असे उघडले गेले. बारशानंतर बिल मात्र बाळाच्या नव्या नावावर चढले. स्वागतकक्षातून नव्या नावाने विचारणा झाली. साधनाने कळविले, ‘आगाऊ रकमेची नोंद सापडली नाही’. एजंटने त्याचा अर्थ ‘रक्कम भरलेली नाही’ असा लावला आणि पूर्ण बिलाच्या मागणीचा संदेश तयार केला. आमच्याकडून तो तसाच गेला. त्या गृहस्थांनी चार घड्या घातलेली पावती माझ्या टेबलावर ठेवली. एक शब्दही बोलले नाहीत. मी क्षमा मागितली.

रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत, आणि नमुना प्रयोगशाळेत पोहोचलाच नाही, या दोन गोष्टी आपण कधी एक मानत नाही. माझ्या वर्णनात तो भेद कोठेच नव्हता. चूक माझी होती.

नवे वर्णन लिहावयास तीन रविवार लागले. ‘सापडले नाही’ म्हणजे ‘शून्य’ नव्हे, हे पहिले वाक्य. नवजात बाळासाठी केवळ नावावर शोधू नये, आईचे नाव व नोंदणी क्रमांक मागावा. एकाहून अधिक खाती जुळली तर स्वतः निवड न करता सर्व दाखवावीत. टॅलीच्या एक्सएमएल संदेशांत नावेची रक्कम उणे चिन्हासह येते, तेव्हा त्या चिन्हावरून तूट समजू नये, हेही लिहिले. येथे एक गंमत झाली. मी ‘नावे’ म्हणतो त्याला आमचे गुजराती लेखापाल ‘उधार’ म्हणतात, आणि मराठी वाचकाला ‘उधार’ म्हटले की वाण्याची वही आठवते! सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली राज्यकारभारातील शब्दांचे प्रतिशब्द अनेक भाषांत देणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ छापावा लागला, त्यामागची निकड मला त्या दिवशी उमगली. अखेर दोन्ही शब्द त्यांच्या अर्थासह घातले. ‘हे वर्ष’ म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च, हे खुलासेवार मांडले. साधन फक्त वाचते, नोंद करीत नाही व बदलतही नाही. धनादेश बँकेत वटला की नाही ते त्यास कळत नाही. साधनाला काय येत नाही, हाच भाग लिहावयास सर्वांत कठीण गेला, आणि उपयोगी तोच ठरला.

मग त्याच बाळाचे नाव घालून पुन्हा विचारले. एजंटने प्रथम आईचे नाव मागितले, दोन्ही खाती समोर ठेवली आणि ‘ही एकाच बाळाची आहेत का?’ असे विचारले. उत्तर आमच्या स्वागतकक्षातील भगिनींनी कागदी नोंदवही पाहून दिले. मागणीचा कोणताही संदेश आता माणसाच्या सहीवाचून जात नाही.

ते बाळ पुढे नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेला लसीसाठी आले. वजन चांगले भरले. वडिलांच्या खिशात ती पावती तेव्हाही होती.