मेंदूतील खातेवही

बोट हलवावे असे मनात येते आणि ते हलते. हा हुकूम मेंदूच्या कोणत्या भागातून सुटतो, याचा ठाव १८७० साली लागला. बर्लिन येथील फ्रिट्श व हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागास सौम्य विद्युत्प्रवाह लावला असता विरुद्ध बाजूचे पाय हलले. या ज्ञानाच्या मुळाशी मुक्या जीवांची पीडा आहे, हे आपण जैनांनी विसरता कामा नये.

मनुष्याचा नकाशा मात्र रुग्णसेवेतून निघाला. माँट्रियलचे शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड हे अपस्मारावरील शस्त्रक्रिया रुग्णास जागे ठेवून करीत. मेंदूस स्वतःस वेदना होत नाही. कोणता भाग काढावयाचा व कोणता राखावयाचा हे कळावे म्हणून ते ठिकठिकाणी सूक्ष्म प्रवाह देऊन, कोणता अवयव हलतो ते टिपून ठेवीत. १९३७ साली त्यांनी बोल्ड्री यांजसह ही टिपणे प्रसिद्ध केली.

मेंदूच्या मध्यखाचेपुढील पट्ट्यात माथ्याकडे पाय, त्याखाली धड, मग हात, चेहरा व शेवटी जीभ अशी ही मांडणी आहे. डावा मेंदू उजवे अंग चालवितो, उजवा डावे. खातेवहीत पाने गिऱ्हाइकाच्या दुकानाच्या आकारावर नव्हे, तर उलाढालीवर ठरतात, तसेच येथे. रुंद पाठीस थोडी जागा, तर दाण्याची पारख करणाऱ्या बोटांस व बोलणाऱ्या ओठांस पुष्कळ. २०२३ साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या संशोधकांनी दाखविले की, या खात्यांच्या मधे सर्वांगाच्या हालचालींचा मेळ घालणाऱ्या जागाही आहेत.

हे ज्ञान घरोघरी उपयोगाचे आहे. चेहरा व हात यांच्या जागा शेजारी असून बहुधा एकाच रक्तवाहिनीवर पोसतात. म्हणून तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे व वाचा अडखळणे पुष्कळदा एकदमच घडते. त्यास 'अंगावरून वारा गेला' म्हणून मालिश करीत बसू नये. दोष अंगात नसून मेंदूच्या रक्तपुरवठ्यात असतो. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. तेही मेंदूचे छायाचित्र काढून, रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. यास्तव पेढी तशीच उघडी टाकावी, परंतु रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. गेलेला सौदा पुन्हा जुळेल. गेलेली घटका मात्र परत येत नाही, एवढेच आमचे सर्व बंधुभगिनींस सांगणे आहे.