शेपटी लागली, अर्थ पालटला

आपल्या मराठीत ‘जवळ’ हा शब्द आहे. ‘जवळजवळ’ हाही आहे. ‘विहीर घराजवळ आहे’ असे आपण म्हणतो. ‘विहीर जवळजवळ आटली’ असेही म्हणतो. दोन्ही शब्द सख्ख्या भावांसारखे दिसतात. पण पहिला अंतर सांगतो. दुसरा सांगतो की आता थोडेच उरले. आपण त्यांची अदलाबदल कधी करत नाही.

इंग्रजीतही अशा जोड्या आहेत. आज त्यांतल्या तीन शिकू.

इंग्रजीत पुष्कळ शब्दांना शेवटी ‘ली’ ही शेपटी लावतात. मग काम कसे केले ते कळते. ‘स्लो’ म्हणजे मंद, ‘स्लोली’ म्हणजे हळूहळू. नियम सोपा आहे. पण तो सगळीकडे लावला की घात होतो.

आमच्याच हातून असा घात झाला. शाळेत आम्ही मुलांना सांगत असू, “कामाची रीत सांगायची ना? मग ‘ली’ लावा.” एका मुलाने ते मनात धरले. मॅट्रिक झाल्यावर त्याने नोकरीसाठी अर्ज केला. ‘मी खूप मेहनत करतो’ असे त्याला लिहायचे होते. त्याने लिहिले, ‘आय वर्क हार्डली.’ वाचणाऱ्याला उलटेच कळले, की हा काम जवळजवळ करतच नाही! तिथल्या साहेबांनी अर्ज मोठ्याने वाचला. सारे हसले. पोरगा मान खाली घालून परत आला. म्हणाला, “गुरुजी, तुम्ही सांगितलंत तसंच लिहिलं की!”

तो पहाटे गोठा उरकून शाळेत येणारा मुलगा. चूक त्याची नव्हती, आमची होती. आम्ही नियम सांगितला, अपवाद सांगितला नाही. तो आता सांगतो.

पहिली जोडी : हार्ड आणि हार्डली.
‘रामा वर्क्स हार्ड’ म्हणजे रामा कष्ट करतो. ‘रामा हार्डली वर्क्स’ म्हणजे रामा काम करतोच कुठे? ‘वर्क’ हा काम सांगणारा शब्द. ‘हार्ड’ त्याच्या मागून येतो, ‘हार्डली’ त्याच्या आधी येतो. ‘हार्डली’च्या पोटातच नकार आहे. म्हणून त्याच्या जोडीला पुन्हा ‘नॉट’ घालू नये. शहरातून आलेला मुलगा म्हणतो, “सभेला हार्डली दहा माणसं होती.” म्हणजे जेमतेम दहा.
फार पूर्वी इंग्रजीत ‘हार्डली’चा अर्थ ‘कष्टाने’ असाही होता. जे कष्टाने होते, ते कसेबसे होते. त्यातून ‘जेमतेम’ हा अर्थ आला आणि जुना मागे पडला.

दुसरी जोडी : लेट आणि लेटली.
“एसटी लेट आली,” हे आपण रोज बोलतो. ‘लेट’ म्हणजे उशिरा. ‘लेटली’ म्हणजे अलीकडे, हल्ली. ‘रामा केम लेट’ म्हणजे रामा उशिरा आला. ‘हॅव यू सीन रामा लेटली?’ म्हणजे हल्ली रामा तुम्हाला दिसला का?

तिसरी जोडी : निअर आणि निअरली.
‘कम निअर’ म्हणजे जवळ ये. ‘द वेल इज निअरली ड्राय’ म्हणजे विहीर जवळजवळ आटली. ही जोडी तर आपल्या मराठीसारखीच आहे.

त्या मुलाने पुढे दुसरीकडे अर्ज केला. त्यात ‘आय वर्क हार्ड’ असे लिहिले. पाकीट बंद करण्याआधी आम्ही दोघांनी अर्ज दोनदा वाचला. तुम्हीही मुलाबाळांचा अर्ज असाच वाचून पाहा. शेपटीवर नजर ठेवा.

सराव
१. ‘मी उशिरा आलो.’ इथे लेट की लेटली?
२. ‘पोते जवळजवळ भरले.’ इथे निअर की निअरली?
३. ‘आई खूप कष्ट करते.’ इथे हार्ड की हार्डली?